कै. गि. परेरा

कैतान गिल्बर्ट परेरा यांना मी फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी मारलं आणि ते मला सोमवारी कळलं. मारलं तेव्हा मी चहा पीत होते. वाईट वगैरे काही वाटलं नाही, उलट काम फत्ते झालं म्हणून मी दुसरा चहा मागवला.

वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. तो बंद पडून वीस वर्षं होऊन गेली. त्या जागी आता काचेची इमारत आहे आणि तिच्यात मुलंमुली कानाला हेडफोन लावून बसतात. पण कामगारांनी उभा केलेला आरोग्य न्यास अजून चालू आहे, सोळा नंबर रोडवरच्या एका गाळ्यात. निवृत्त कामगारांना आणि त्यांच्या बायकांना न्यासाचं कार्ड मिळतं, ते दाखवलं की ठरलेल्या इस्पितळांत उपचार होतात. कार्डवाल्यांची यादी सांभाळणारी मी, विनिता. वय एकोणसाठ. न्यासात संगणक कळणारं दुसरं कुणी नाही आणि ते कुणाला खटकतही नाही.

ही यादी फॉक्सप्रोत आहे. फॉक्सप्रो ही संगणकाची जुनी भाषा. जी कंपनी ती विकत होती तिनेच तिला कधीचं वाऱ्यावर सोडलं. खाली चहाच्या टपरीवर काचेच्या इमारतीतली मुलं भेटली की विचारतात, "मॅडम, अजून फॉक्सप्रो?" त्या 'अजून'चा सूर मला चांगला ओळखीचा आहे. नव्वदीच्या मावशीबद्दल लोक तसंच विचारतात. मी अठ्ठ्याण्णव साली लिहिलेला प्रोग्राम एकदाही बंद पडलेला नाही. त्यांचं ॲप महिन्यातून दोनदा पडतं आणि मग ती सगळी टपरीवर येऊन उभी राहतात.

गेल्या वर्षी इस्पितळांनी सांगितलं की कागदी यादी यापुढे चालणार नाही. त्यांनी सगळ्यांनी मिळून एका कंपनीची वेब सर्व्हिस घेतली होती. म्हणजे कुठेतरी एक मोठा संगणक बसलेला असतो. इस्पितळाच्या काउंटरवरून त्याला कार्डाचा नंबर विचारायचा, तो सांगणार की हा माणूस कोण, कुठला आणि हयात आहे की नाही. आमची यादी त्या संगणकाला आम्हीच पाठवायची होती. कमिटीत कुणीतरी नव्या प्रोग्रामची गोष्ट काढली, त्याला वर्ष लागलं असतं. मी म्हटलं, दीड महिना द्या, फॉक्सप्रोकडूनच बोलून घेते.

फॉक्सप्रोला इंटरनेट ठाऊक नाही. ती जन्मली तेव्हा ही भानगड नव्हती. पण विंडोजच्या पोटात एक असा भाग असतो ज्याला इंटरनेटची वाट माहीत असते आणि फॉक्सप्रो त्याला कामाला लावू शकते. हा पत्ता, हा मजकूर, जाऊन दे आणि उत्तर घेऊन ये. मजकूर नीट पोचला तर दोनशे हा आकडा परत येतो. तीन आठवडे दोनशे सोडून बाकी सगळे आकडे आले. ज्या दिवशी दोनशे आला त्या दिवशी मी डोंबिवलीला बहिणीला फोन केला. एका मेलेल्या भाषेने आज नव्या जगाशी बोलणं केलं, म्हटलं. ती म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

पुढचं काम अक्षरांचं. आमची नावं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट लावला की नाव दिसतं, काढला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती खिचडी निवडून, अक्षराला अक्षर लावून, आजच्या संगणकांना कळेल अशी मराठी करायची होती. सगळे रफार, सगळी जोडाक्षरं मी डोळ्यांखालून घातली. एकही अक्षर बिघडलं नाही. 'कै.' हेसुद्धा बिनचूक गेलं.

आता या 'कै.'विषयी. न्यासाचं मूळ रजिस्टर दामाजी पाटील नावाचे क्लार्क ठेवत. कोपरी खाडीकाठचे, हस्ताक्षर मोत्यासारखं. सभासद वारला की ते त्याच्या नावाआधी लाल शाईने 'कै.' लिहीत. प्रोग्राम लिहिताना मी म्हटलं होतं की हयात आणि मृत यासाठी वेगळा रकाना ठेवू. दामाजींना ते पटलं नाही. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्या नावापुढे 'मृत' असं टाइप करायला त्यांचा हात धजेना. 'कै.' कसं, माणसाला मान देऊन निरोप दिल्यासारखं. मी तिशीच्या आतबाहेर होते, त्यांच्याशी वाद घातला नाही. रकाना राहिला तो राहिलाच. त्यामुळे यादी पाठवताना मी एक ओळ लिहिली: नावाची सुरुवात 'कै.'ने होत असेल तर माणूस मृत धरावा.

त्या शुक्रवारी अकराशे चाळीस नावं गेली. तीनशे शहाऐंशी मृत लागले आणि त्यांतले तीनशे पंच्याऐंशी खरोखरच मृत होते.

उरलेले परेरा. दामाजींनी नावाला पंचवीसच अक्षरांची जागा आहे म्हणून सगळ्या कामगारांची आद्याक्षरं घातली होती, बायकांचं पहिलं नाव तेवढं पूर्ण. गजाननचा 'ग.', शांतारामचा 'शां.' तसा कैतानचा 'कै.'. कारखान्यात तीन कैतान होते. त्यांतले दोघे वारले तेव्हा दामाजींनी शिस्तीत 'कै. कै. लोपीस' आणि 'कै. कै. डिमेलो' असं केलं. तिसरे 'कै. गि. परेरा' मात्र धडधाकट होते आणि महिन्याकाठी बाळकुमहून काउंटरवर येत. ते दिसले की दामाजी आतून ओरडत, "कैलासवासी परेरा आले, खुर्ची द्या." परेरा हसत. मीही हसत असे. पंचवीस वर्षं हसले. परेरा जिवंत आहेत हे इतकं माहीत होतं की ते कुठे लिहून ठेवायचं डोक्यातच आलं नाही.

सोमवारी दुपारी ते सुनेचा हात धरून गाळ्याचा जिना चढले. सून म्हणजे व्हेनेसा, शाळेत शिकवते, त्या दिवशी अर्धी रजा टाकून आलेली. परेरांचा डावा डोळा एकोणनव्वद साली लेथवरून उडालेल्या तुकड्याने गेला. उजव्यात मोतीबिंदू होता, पिकून कडक झालेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतला दाब वाढतोय, आठवडाभराच्या पलीकडे थांबायचं नाही, नाहीतर हाही डोळा जाईल. गुरुवारी माजिवड्याच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलेलं. त्याच्या आधीच्या तपासण्यांसाठी ते सकाळी तिथे गेले होते.

"बाई, मी मेलोय," परेरा बसता बसता म्हणाले.

"काय झालं?"

"काउंटरवाल्या पोरीने कार्ड घेतलं. मशीनमध्ये बघितलं. मग व्हेनेसाला बाजूला घेऊन हळूच बोलली, पेशंट एक्सपायर झालेत. मी तिथंच उभा. मी बोललो, पोरी, मग तुझ्याशी बोलतंय कोण?"

"आंटी, शुक्रवारी तुमच्याकडून नोंद आली असं ते म्हणतात," व्हेनेसा म्हणाली.

मी यादी उघडली. नाव दिसताक्षणी सगळं कळलं. त्यांना खरं ते सांगितलं की नावाच्या 'कै.'मुळे मशीनने तुम्हाला कैलासवासी केलं आणि ती ओळ माझी आहे.

परेरा म्हणाले, "कैलासात आमच्यातलं कोण जात नाय, बाई. तिथं ओळखीचं कोण भेटणार मला?"

मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. दर्शन नावाचा मुलगा होता, आवाजावरून ठाण्याकडचाच. अदबीने बोलला. अदबीनेच सांगितलं की त्यांच्या सर्व्हिसमध्ये सभासद वाढवता येतो, पत्ता बदलता येतो आणि मृत्यू नोंदवता येतो. नोंदवलेला मृत्यू मागे घ्यायची सोय नाही.

"मॅडम, सिस्टीममध्ये डेथ फायनल असते."

"सिस्टीमच्या बाहेरही असते," मी म्हटलं. "पण हा माणूस माझ्यासमोर बसून पाणी पितोय. गुरुवारी त्याचं ऑपरेशन आहे आणि त्याला एकच डोळा आहे."

पलीकडून की-बोर्डचा आवाज आला. मग म्हणाला, "एक करता येईल. फॅमिली हेडने ऑनलाइन लिहून दिलं ना, की नोंद चुकीची आहे, तर आम्ही इथून उघडू शकतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"कुटुंबप्रमुख तेच आहेत. परेरा."

"ते डिसीज्ड आहेत ना मॅडम, म्हणून सिस्टीमने पुढचा मेंबर हेड केलाय. थेरेसा कै. परेरा. वाईफ असतील. मी त्यांच्या नंबरवर ओटीपी पाठवतो, तो त्यांनी सांगितला की झालं."

मी हे मोठ्याने परेरांना सांगितलं. सुटले एकदाचे, असं मला वाटलं होतं. पण व्हेनेसाने मान खाली घातली. परेरांच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला आणि नुसता हातात धरून बसले.

"थेरेसाबाई घरी आहेत का?" मी विचारलं.

व्हेनेसा म्हणाली, "आंटी, मम्मींना जाऊन दोन वर्षं झाली."

आमच्याकडे कळवलंच नव्हतं. यादीत त्या नुसत्या थेरेसा होत्या, नावाआधी काही नाही, त्यामुळे सर्व्हिसने त्यांना हयात धरलं होतं. जिवंत नवरा मेलेला, मेलेली बायको जिवंत आणि आता ती त्याच्या हयातीची साक्ष देणार, त्याच्याच खिशातल्या फोनवरून. दर्शन फोनवर वाट पाहत होता. त्याला मी पाच मिनिटांनी करते म्हणून सांगितलं.

"का नाही कळवलंत?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला, ते मला आवडलं नाही.

उत्तर व्हेनेसाने दिलं. न्यासाकडून दर वाढदिवसाला मोबाइलवर संदेश जातो. तोही फॉक्सप्रोच पाठवते, इंटरनेटशिवाय, संगणकाला जोडलेल्या सिमकार्डाच्या डबीतून. बाहेरच्या जगाला घातलेली तिची पहिली हाक ती होती, मी दहा वर्षांपूर्वी जमवलेली. 'कै.' नसलेल्या प्रत्येकाला त्याच्या वाढदिवशी सकाळी नऊला. म्हणजे परेरांना स्वतःला तो कधी गेलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मजकूरही माझाच: 'श्रीमती थेरेसा परेरा, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपणांस उदंड आयुष्य लाभो. वार्षिक तपासणीस अवश्य यावे.' ऑफिसात सगळे म्हणाले होते की हे फार पुस्तकी आहे.

"मम्मी गेल्या त्यानंतर सहा महिन्यांनी तो मेसेज आला," व्हेनेसा म्हणाली. "डॅडींना तेव्हाच नीट दिसेनासं झालेलं. मी वाचून दाखवला. मला वाटलं रडतील. पण ते बोलले, परत वाच. मग बोलले, ऑफिसात सांगू नको. गेल्या वर्षी पण आलेला. डॅडी सकाळी आठपासून फोन घेऊन बसलेले."

"ऐकायला बरं वाटतं," परेरा म्हणाले. "तिला तपासणीला बोलवतात. म्हणजे कुठंतरी तिचं नाव चालू हाय ना."

मग त्यांनी फोन माझ्यापुढे केला. "बाई, नंबर आलाय यात. तुम्ही वाचा आणि त्या पोराला सांगा. दहा मिनिटांत काम होतं बोलला ना तो. माझ्या नावापुढचं जाऊ दे. तिच्या नावाला हात लावू नका."

फोनवर सहा आकडे होते. ते सांगितले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी सांगितले नाहीत. यादी माझी आहे आणि त्या क्षणी तिच्यातलं खोटं मला माहीत झालं होतं. ते उद्या इस्पितळात कळलं तर ऑपरेशन तर जाईलच, शिवाय कार्डही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. चूक माझी होती आणि भरपाई त्यांच्याकडून मागत होते, हेही बरोबर होतं. मला स्वतःचा संताप आला आणि तो दाखवायलाही तोंड नव्हतं.

"दुसरा रस्ता हाय?" परेरांनी विचारलं.

होता. दर्शनला परत फोन करून तो मी काढून घेतला. अख्ख्या कुटुंबाची जुनी नोंद रद्द करायची आणि नव्याने पाठवायची. त्याबरोबर न्यासाचं पत्र: या घरातले अमुक हयात, अमुक मृत, मृत्यूची तारीख ही. खाली माझी सही आणि परेरांची. बुधवार संध्याकाळपर्यंत होईल, त्याने शब्द दिला.

परेरांनी फोन खिशात ठेवला. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. लेथवर चाळीस वर्षं काम केलेल्या माणसांचे अंगठे असेच असतात, चपटे. मी घाई केली नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजही ठाऊक नाही.

"लिहा," ते म्हणाले.

मी आधी त्यांचं नाव लिहिलं. कैतान, पूर्ण. मग थेरेसा कैतान परेरा. मग तारीख विचारली.

"अकरा मार्च. शनिवार होता. पहाटे सव्वापाच. मी चहा ठेवलेला, तिने मागितलेला. घेऊन गेलो तर झोपलीय असं वाटलं."

पत्रात तारखेपुरतीच जागा होती. मी तारीख लिहिली. बाकीचं ऐकून घेतलं.

परेरा सहीसाठी वाकले तर त्यांना रेघ दिसेना. व्हेनेसाने त्यांचं बोट रेघेवर नेऊन ठेवलं. त्यांनी सही केली, ती रेघेच्या खाली उतरली, पण चालण्यासारखी होती.

ती दोघं गेल्यावर मी प्रोग्राम उघडला आणि जे अठ्ठ्याण्णव साली करायचं होतं ते केलं. वेगळा रकाना. हयात किंवा मृत. तीनशे शहाऐंशी नावं एकेक करून तपासली, शंका आली तिथे घरी फोन केला. दुसरं कुणी सापडलं नाही. खरं तर दोन ओळींत भागलं असतं: कार्ड नंबर चारशे सतरा असेल तर 'कै.'कडे दुर्लक्ष कर. पण एका माणसासाठी प्रोग्राममध्ये अपवाद घालायचा नाही, हा माझा जुना नियम आहे. असे अपवाद कुणीतरी दयेपोटी घालतं आणि दहा वर्षांनी ते का घातले हे सांगायला तो माणूसच नसतो.

बुधवारी दुपारी परेरांच्या घराची नोंद नव्याने पाठवली. फॉक्सप्रोने दोनशे आणला. यावेळी मी कुणाला फोन केला नाही. संध्याकाळी दर्शनचाच आला, "मॅडम, ते लाइव्ह झाले." मी आभार मानले. गुरुवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी व्हेनेसाचा निरोप आला की पट्टी काढली, डॅडींना भिंतीवरचं घड्याळ दिसलं.

दोन आठवड्यांनी परेरा आले. एकटेच आले, जिना स्वतः चढले, काळा चष्मा लावलेला. मी चहा मागवला. ते माझ्या संगणकाकडे बघत होते.

"दाखवा ना काय लिहिलंय आमचं," ते म्हणाले.

मी चारशे सतरा नंबर उघडला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा काढला. उजवा डोळा अजून लाल होता. ते बोट लावून, एकेक अक्षर वाचत गेले. कैतान गिल्बर्ट परेरा. हयात. त्याच्याखाली थेरेसा कैतान परेरा. बोट पुढे गेलं आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबलं. तो शब्द त्यांनी मोठ्याने वाचला नाही.

"हे कुठं वाचलं नव्हतं मी अजून," ते म्हणाले. "क्रूसावर तिचं नाव घातलंय, तारीख घातलीय. सगळे बोलले चांगलं झालंय. मला तेव्हा दगड नुसता पांढरा दिसायचा."

मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत कुणाही सभासदाच्या बाबतीत वाटलं नव्हतं इतकं वाटलं. आणि मग मी जे कधी करत नाही ते बोलून गेले.

"परेरा, वाढदिवसाचा संदेश आमच्या इथूनच जातो. त्याचा इस्पितळाशी काही संबंध नाही. एक ओळ लिहिली तर तुमच्या नंबरवर तो येत राहील. कधी आहे वाढदिवस, सप्टेंबरात ना? मी लिहिते आत्ता."

ते पडद्याकडेच बघत होते. चहा आला होता, तो त्यांनी अर्धा प्यायला.

"नको बाई," ते म्हणाले. "व्हेनेसा वाचायची तेव्हा ठीक होतं. आता तो मीच वाचणार."